वाढत्या अंगाची रायफल

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. आमच्या बेसमेंटमधल्या डीप फ्रीझरसारखंच आहे ते. आत दह्याचे, आइस्क्रीमचे रिकामे झालेले डबे भरून ठेवलेत. कशात काय आहे ते कुणालाच आठवत नाही, आणि पाहुणे आले म्हणून बटर पेकन आइस्क्रीमचा डबा काढावा तर आत निघतं मागच्या वर्षीचं कोळंबीचं लोणचं. आमच्या बस्त्यावदादाचे किस्से तसेच आहेत. काढायला जावं एक, हाताला लागतं भलतंच. आता चहा घेऊन बसलाच आहात, तर रायफलीचे काढते.

बस्त्यावदादा आणि मोनिका हे इथे कॅनडात, व्हिटबीला आमच्याच गल्लीत राहतात. आम्ही सगळे मूळचे वसईकडचे, इथेही एकाच चर्चला जाणारे. दादा एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढतो, पण घरी भाजीत मीठ नसलं तरी बोलत नाही, असा स्वभाव. माझा नवरा इनास मार्कहॅमला कंप्युटरमध्ये, आणि मी रोझी, डेंटिस्टच्या ऑफिसात फ्रंट डेस्कला. गेल्या वर्षी आम्ही चौघांनी मिळून एक रायफल घेतली. म्हणजे लायसन्स दादाचं, रायफल दादाची, खांदाही दादाचाच. पण आपल्याकडे फ्रिज एकट्याने कुणी घेत नाही, मग रायफल कशी घेणार?

*

सुरुवात झाली ती शॅरनच्या लग्नावरून. शॅरन ही दादा-मोनिकाची एकुलती एक मुलगी. तिने टायलरशी लग्न ठरवलं. टायलर उत्तरेकडच्या एका लहान गावातला. मुलगा गुणी, मोनिकाच्या हातची मासळी काटे काढून खायलाही शिकलाय. त्याचे आईवडील, गॉर्डन आणि लिंडा, पहिल्यांदा घरी जेवायला आले.

जेवण झाल्यावर दोघे व्याही सोफ्यावर बसले. दादाने हवामान काढलं. गॉर्डन म्हणाला, "यप." दादाने विंटर टायर्स काढले. "यप." मग दादाने ट्रॅफिक काढला, पण गॉर्डनच्या गावात ट्रॅफिकच नाही, त्यामुळे यपसुद्धा मिळालं नाही. आम्ही किचनमधून ऐकत होतो. मोनिका हातातलं फडकं नुसती पिळत होती, त्यात पाणी नव्हतं तरी.

शेवटी गॉर्डननेच तोंड उघडलं. "यू हंट?"

आता पाहुण्याने काही विचारलं तर तोंडावर नाही म्हणायची आपल्याला सवय नाही. दादाला तर नाहीच नाही. तो म्हणाला, "यस, यस."

"गुड. कम अप इन द फॉल. ब्रिंग युवर रायफल." फॉल म्हणजे पानगळ, इथला शिकारीचा मोसम.

पाहुण्यांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मोनिकाने दार लावलं आणि विचारलं, "अहो, तुम्ही कधी शिकार केलीत?"

दादाने थोडा विचार केला. "चिकूच्या वाडीत गलोलीने वटवाघळं मारायचो की."

"एक तरी पडलं?"

"उडाली तरी ना."

दुसऱ्या दिवशी काहीतरी कारण सांगून सुटता आलं असतं. पण शॅरनचा फोन आला आणि तो मार्ग बंद झाला. ती आनंदाने रडत होती. "डॅड, ही नेव्हर इन्व्हाइट्स एनीवन!" गॉर्डनच्या मोठ्या मुलीचं लग्न होऊन किती वर्षं झाली, पण त्या जावयालाही त्यांनी अजून शिकारीला नेलेलं नाही म्हणे. दादाने फोन ठेवला आणि म्हणाला, "जायला लागणार. पोरगी त्यांच्या घरात जाणार आहे."

मोनिकाची काळजी वेगळीच होती. हुंडाबिंडा आमच्यात कुणी तोंडाने मागत नाही, पण मुलीची आई म्हटलं की समोरून काहीतरी येणार याची तयारी ठेवावी लागते. मानपान असतो, कुणाला काय द्यायचं ते असतं. गॉर्डनकडून काहीच आलं नाही. मोनिकाने लिंडाला पुन्हा पुन्हा विचारलं, आमच्याकडून काय हवं? लिंडा प्रत्येक वेळी हसून सांगायची, तुम्ही या म्हणजे झालं. मोनिकाची झोप उडाली. मला म्हणाली, "रोझी, काहीच मागत नाहीत म्हणजे मनात मोठं काहीतरी आहे."

*

कॅनडात रायफल घ्यायची तर आधी कोर्स, मग परीक्षा, मग लायसन्स. दादाने पुस्तक असं पाठ केलं की लहानपणी धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरंही तशी केली नसतील. पहिला धडा, नळी कधीही माणसाकडे वळवायची नाही. लेखी परीक्षेत त्याची एकही चूक निघाली नाही.

मग प्रॅक्टिकल. परीक्षकाने चालत नसलेली, शिकवण्याची एक रायफल दादाच्या हातात दिली. रिकामी आहे का बघा म्हणाला, दादाने बघितली. आता माझ्याकडे द्या म्हणाला.

आपल्याला लहानपणापासून काय शिकवलेलं असतं? सुरी, कोयता, कात्री, काहीही द्यायचं तर मूठ समोरच्याकडे, पातं आपल्याकडे. वडीलधाऱ्या माणसाला देताना तर नक्कीच. दादाने रायफल अदबीने फिरवली, लाकडी दस्ता परीक्षकाच्या हातात आणि नळी थेट स्वतःच्या पोटावर. वर थोडा वाकलासुद्धा.

परीक्षकाने रायफल बाजूला ठेवली, चष्मा काढला आणि म्हणाला, "सर, इतक्या नम्रपणे माझ्याकडे आजवर कुणी नापास झालेलं नाही."

दुसऱ्या वेळी तो पास झाला. पण धसका एवढा बसला की आजही घरात कुणी सुरी मागितली तर हातात देत नाही, टेबलावर ठेवतो आणि दोन पावलं मागे सरतो.

*

लायसन्सच्या अर्जावर बायकोची सही लागते आणि ओळखीच्या माणसाचा फोन नंबर. नंबर माझा दिला होता. मला ते सांगून ठेवलं होतं, पण मी विसरले.

एक दिवस ऑफिसात फोन वाजला. एकीकडे रूट कॅनालवाला पेशंट कण्हतोय, दुसरीकडे प्रिंटर अडकलाय, आणि फोनवरच्या बाई विचारतायत, तुम्ही या गृहस्थांना किती वर्षं ओळखता? स्वभावाने कसे आहेत?

आता आपल्या माणसांत अशी चौकशी कधी होते? कुणाच्या तरी मुलीचं लग्न जमत असतं तेव्हाच! माझ्या डोक्यात शॅरनचं लग्न होतंच. मला वाटलं, गॉर्डनच्या बाजूने कुणीतरी घराण्याची चौकशी करतंय. चला, शेवटी केली म्हणायची. मी खुर्ची पुढे ओढली आणि सुरू झाले. घराणं उत्तम. दर रविवारी चर्च. पितात, पण नाताळला आणि कुणाच्या लग्नातच. राग म्हणून नाही. स्वतःचं घर आहे, बेसमेंट फिनिश्ड आहे. मुलगी शिकलेली आहे, पोळ्या तेवढ्या गोल येत नाहीत, पण येतील.

बाई शांतपणे ऐकत होत्या. मी दम घेतला तेव्हा म्हणाल्या, "मॅम, ही जस्ट वॉन्ट्स अ रायफल."

लायसन्स मात्र आलं. दादा म्हणतो माझ्यामुळेच आलं. एवढी कीर्ती ऐकल्यावर त्यांची नाही म्हणायची हिंमत झाली नसेल.

*

दुकानात आम्ही चौघेही गेलो. काउंटरच्या मागे भिंतभर रायफली उभ्या होत्या. मोनिकाने पर्स सावरली आणि काउंटरवरच्या मुलीला हाताने खूण केली, दाखवा. लग्नाच्या साड्या बघायला बसतात तशी ती खुर्ची मागून बसलीसुद्धा.

मुलीने आधी विचारलं, कशासाठी हवी? इनास म्हणाला, लाँग रेंज टार्गेट शूटिंग. तो महिनाभर रोज त्याचेच व्हिडिओ बघत होता. दादा म्हणाला, हरणासाठी. मोनिका मराठीत म्हणाली, "व्याह्यांसाठी." मी त्याचं भाषांतर केलं नाही.

मुलीने सगळं ऐकून एक रायफल काढून समोर ठेवली. सिक्स पॉइंट फाइव्ह असं तिच्या गोळीचं माप. तिने नीट समजावलं. पहिलीच रायफल आहे, तर झटका कमी बसेल अशी घ्या, उचलायला झेपेल अशी घ्या, गोळ्या कुठेही मिळतील अशी घ्या. लांबचं टार्गेट आणि हरीण, दोन्हीला ही पुरते. उरलेलं लक्ष वर बसवायच्या चांगल्या दुर्बिणीवर द्या.

बोलणं अगदी मुद्द्याचं होतं, म्हणूनच कदाचित आम्हाला पटलं नाही. एवढं लगेच पटलं तर खरेदी कसली? मोनिका म्हणाली, "यातच मोठी नाही का?"

मोठी निघाली. मॅग्नम. गोळी जवळजवळ बोटाएवढी. इनासने ती हातात घेऊन जोखली आणि सांगितलं की पुढे खूप लांबच्या टार्गेटला हीच लागेल. मोनिका म्हणाली, "आणि पुढे तो घोड्याएवढा मूस मारायचा झाला तर? परत नवीन घेणार का?" शॅरनला तिने लहानपणी एकही बूट मापाचा घेतला नाही. पुढे कापूस कोंबायचा आणि दोन वर्षं चालवायचा. कपडे घ्यायचे ते वाढत्या अंगाचे. हे सगळं तिने त्या मुलीला मोडक्या इंग्लिशमध्ये मन लावून समजावलं. थोडी मोठीच घ्यावी, माणूस हळूहळू तिच्यात मावतो.

मुलीने दादाकडे नीट पाहिलं. टक्कल, चष्मा, पोट. मग मोनिकाला म्हणाली, "मॅम, आय थिंक ही'ज डन ग्रोइंग."

घेतली आम्ही मॅग्नमच.

*

आमच्या जवळच्या शूटिंग रेंजवर डग नावाचे एक म्हातारे गृहस्थ नवख्यांना शिकवतात. पहिल्या दिवशी त्यांनी मॅग्नम पाहिली आणि दादाला विचारलं, "तुम्हाला डायनासोर मारायचाय का?" दादा "यस, यस" म्हणाला.

आम्ही कानाला मफ्स लावून मागे उभे होतो. दादाने पहिली गोळी झाडली. बार झाला आणि त्याचा चष्मा माझ्या पायाशी आला. दुर्बिणीत नीट दिसावं म्हणून त्याने डोळा अगदी चिकटवला होता. झटक्याने दुर्बिणीची कड भुवईवर बसली आणि तिथे छान अर्धचंद्र उमटला. रक्त आलं, पण फार नाही. डग म्हणाले, मोठ्या रायफलीची हीच पद्धत आहे, ती आधी शिकाऱ्याला खूण करते.

इनासचीही त्या दिवशी हौस फिटली. डगच्या देखरेखीखाली क्लबची रायफल घेऊन तो आडवा पडला. फोनवर वाऱ्याचं ॲप, हवेच्या दाबाचं ॲप, अजून कसलं तरी ॲप. एवढा वेळ हिशेब करत होता की शेजारच्या लेनवाला कॉफी पिऊन परत आला. मग इनासने पाच गोळ्या झाडल्या. त्याच्या कागदावर एकही भोक नव्हतं. शेजारचा माणूस मात्र दुर्बिणीतून स्वतःचा कागद बघत राहिला. म्हणाला, "थँक यू, बडी. माझा आजवरचा सगळ्यात बेस्ट ग्रुप आहे हा, सगळी भोकं एका जागी."

खरी मजा रविवारी झाली. दादा भुवईवर पट्टी आणि डोळ्याखाली काळंनिळं घेऊन चर्चमध्ये मिस्साला आला. कुणी विचारलं की तो लाजून "काही नाही, लागलं जरा" एवढंच म्हणायचा. मिस्सा संपल्यावर फादरांनी त्याला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बस्त्याव, घरी सगळं ठीक आहे ना?" दादाने मान डोलावली. फादरांनी एकदा मोनिकाकडे बघितलं आणि म्हणाले, "तू एकटा नाहीस, एवढं लक्षात ठेव."

मोनिका सांगते, तेव्हापासून पॅरिशच्या किचनमध्ये तिला कुणी कांदे चिरायला सांगत नाही.

*

हसत होतो खरं, पण उन्हाळा सरत आला आणि हसू कमी होत गेलं. दादा दर शनिवारी रेंजवर जायचा आणि दर शनिवारी गोळी कुठेतरी भलतीकडेच जायची. खांदा हिरवा-जांभळा झाला होता. मोनिका रात्री शेकून द्यायची आणि सकाळी हा पुन्हा तयार.

एकदा मी त्याच्याबरोबर गेले होते. डगनी दादाकडून रायफल घेतली, भरल्यासारखं केलं आणि परत दिली. आत खोटी गोळी होती, न उडणारी. दादाने नेम धरला, घोडा दाबला. नुसतं टिक् झालं. पण दादाचं अख्खं अंग दचकलं, डोळे गच्च मिटले, नळी हातभर हलली. आवाज नाही, झटका नाही, काहीच नाही, आणि तरी माणूस असा हललेला डगनी आणि मी बघितला.

डग त्याच्या शेजारी बसले. म्हणाले, नेम तुझा चांगला आहे. तू तिला घाबरतोस, एवढंच आहे. घाबरून झाडलेली गोळी कागदाला चुकली तर चालतं, पण जनावराला अर्धवट लागली तर ते जंगलात दोन दिवस तडफडतं.

दादा गाडीत जाऊन बसला. मी शेजारी बसले. त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही. मग म्हणाला, "रोझी, मी पोरगी देतोय त्या घरात. आणि पहिल्यांदा जाऊन त्यांच्यासमोर डोळे मिटून गोळी मारणार?"

मला फार वाईट वाटलं. मस्करी करायची सवय आहे मला, पण त्या दिवशी केली नाही. मी एवढंच म्हटलं, "दादा, रायफल बदलू या. बूट मोठा पडतोय."

*

मॅग्नम दुकानवाल्यांनी परत घेतली आणि बदल्यात दुसरी द्यायला तयार झाले. या वेळी मी आणि दादाच गेलो, मुद्दाम. तीच मुलगी काउंटरवर होती. तिने 'मी सांगितलं होतं ना' असं तोंडाने म्हटलं नाही, चेहऱ्यानेही म्हटलं नाही. पहिल्या दिवशी काढलेली तीच सिक्स पॉइंट फाइव्ह गुपचूप समोर ठेवली.

डगनी एक युक्ती सांगून ठेवली होती. डोळे मिटायचे, रायफल सहज खांद्याला लावायची, मान आपोआप टेकेल तिथे टेकू द्यायची आणि मग डोळे उघडायचे. दुर्बिणीतून पूर्ण गोल दिसला, मान वरखाली करावी लागली नाही, तर ती तुमची. दादाने दुकानातल्या भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले, रायफल खांद्याला लावली आणि डोळे उघडले. तसाच उभा राहिला. मला वाटलं, पुन्हा काही झालं की काय.

"लागली," तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी रेंजवर त्याने पाच गोळ्या मारल्या. पहिल्या गोळीला थोडा दचकला, पाचवीला नाही. आम्ही कागद आणायला चालत गेलो. पाचही भोकं आमटीच्या वाटीखाली झाकली जातील एवढ्यात होती. दादाने कागदावरून बोट फिरवलं, प्रत्येक भोकावर बोट टेकवून बघितलं आणि मोठ्याने हसला. लग्न ठरल्यापासून तो तसा हसला नव्हता. मीही हसले, आणि का कोण जाणे, माझे डोळे भरून आले. इनासने तो कागद आमच्या गराजमध्ये लावलाय. शेजाऱ्यांना सांगताना कोणी मारल्या ते सांगत नाही.

मोनिका तेवढी खूष नव्हती. तिने नवी रायफल पेटीत बघितली आणि म्हणाली, "केवढीशी आहे. व्याही काय म्हणतील?"

निदान नवी तरी दिसावी म्हणून तिने एक उपाय केला. आमच्याकडे नव्या सोफ्याचं प्लास्टिक वर्ष-वर्ष काढत नाहीत, रिमोटला तर जन्मभर पिशवी असते. त्यानंतरच्या शनिवारी दादाने रेंजवर पेटी उघडली तर दस्त्याला गच्च क्लिंग फिल्म गुंडाळलेली. वर रबरबँड. ओरखडे नकोत, व्याह्यांनी बघितल्यावर काढायची अशी सक्त ताकीद होती. डगनी ती उचलून सगळीकडून बघितली आणि विचारलं, "ही रायफल आहे की कालचं उरलेलं जेवण?"

*

नोव्हेंबरमध्ये दादा एकटाच उत्तरेला निघाला. बोलावणं त्याला एकट्यालाच होतं. गाडीत मागे रायफलीची कुलूप लावलेली पेटी, आणि पुढच्या सीटवर बेल्ट लावून खाण्याच्या डब्यांनी भरलेला कूलर, कारण मुलीच्या सासरी रिकाम्या हाताने जात नाहीत. शिकाऱ्यांना सक्तीची असलेली नारिंगी टोपी आणि नारिंगी जाकीट घालून तो ड्राइव्हवेत उभा राहिला तर रस्त्याच्या कामावर निघालाय असंच वाटत होतं. मोनिकाने काचेतून डोकं आत घालून शेवटचं बजावलं, "त्यांनी काही मागितलं तर तिथल्या तिथे हो म्हणू नका. तुमची सवय आहे. आधी मला फोन करा."

मग तीन दिवस फोन नाही. तिथे सिग्नल नसतो हे आम्हाला माहीत होतं, तरी मोनिका फोन घेऊनच वॉशरूमला जायची. तिला एकटं कशाला ठेवा म्हणून मी वर्षाचा मसाला त्याच दिवसांत काढला. मिरच्या घरात भाजल्या तर स्मोक अलार्म वाजतो, म्हणून त्यांच्या गराजमध्ये कॅम्पिंगचा स्टोव्ह लावून, दार अर्धं वर करून, जाकिटं घालून आम्ही दोघी भाजत होतो. बाहेर बर्फ भुरभुरत होता, आत आम्ही खोकत होतो. तेवढ्यात फोन वाजला. तिचे हात मिरचीचे होते, म्हणून मीच स्पीकर लावला.

"मोनिका," दादाचा आवाज आला. "त्यांनी मागितलं."

मोनिकाने स्टोव्ह बंद केला. मी झारा हातात तसाच धरून उभी राहिले.

"काय मागितलं?"

"मी तुला आधी फोन करणार होतो. पण आम्ही झाडावरच्या मचाणावर होतो, आणि ते कानात मागत होते."

"अहो, पण काय?"

"रायफल."

मग त्याने सांगितलं. पहाटेपासून दोघे व्याही मचाणावर शेजारी शेजारी बसले होते. एक यपसुद्धा नाही. ऊन वर आलं तेव्हा झाडीच्या कडेला हरीण येऊन उभं राहिलं. दादाने रायफल खांद्याला लावली. दुर्बिणीत पूर्ण गोल, मधे हरीण, हात अगदी स्थिर. तेवढ्यात गॉर्डननी त्याच्या दंडाला हात लावला आणि पुटपुटायला लागले. त्यांची स्वतःची रायफल त्यांच्या वडिलांची, मोठी मॅग्नम. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती त्यांना सोसत नाही. मागची दोन्ही वर्षं ते मचाणावर एकटेच बसून परत आले आणि काही दिसलंच नाही असं पोरांना सांगितलं. लिंडालाही ठाऊक नाही. काल कॅम्पवर नेम तपासताना त्यांनी दादाला झाडताना बघितलं होतं, खांदा हललासुद्धा नव्हता. आणि मग विचारलं, तुझी देशील का?

"एकाच गोळीत पडलं," दादा म्हणाला. "मग ते तोंडावर हात धरून बसले गं. आणि येताना जे बोलायला लागले ते ट्रकपर्यंत बोलत होते. मला मधे एक शब्द टाकता आला नाही. आत्ता गावात पेट्रोल भरायला आलोय, ते आत कॉफी घेतायत, म्हणून फोन केला. हे कुणाला सांगायचं नाही, बरं का."

मी मिरच्यांकडे बघत होते. मी काही ऐकलं नव्हतं.

मोनिका पिंपावर जाऊन बसली. इतके महिने ताठलेले तिचे खांदे मी पहिल्यांदा खाली आलेले बघितले. तिने जाकिटाच्या बाहीने डोळे पुसले, मग मिरची लागून ते आणखीच वाहायला लागले, आणि तशीच ती फोनकडे वळली.

"आता कुठे आहे ती?"

"त्यांच्याच ट्रकमध्ये, पेटीत. उद्या निघताना मला परत देतील."

"परत आणू नका."

"अगं, इथे असं नुसतं देता येत नाही. लायसन्स बघावं लागतं, सरकारी ऑफिसला कळवावं लागतं, त्यांच्याकडून नंबर घ्यावा लागतो."

"सगळं करा," मोनिका म्हणाली. "मला काय सांगता? त्यांनी तोंडाने मागितलीय. परत आणू नका."